भंगारात चाललेला ब्रिक गेम

यवतमाळ जिल्ह्यातल्या जुन्या घरांत तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी अजून जपलेला असतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तो माळ्यावरून उतरतो, धुतला-पुसला जातो, त्याच्यावर झूल चढते आणि घरातलं धाकटं पोर दोरी धरून त्याला दारोदार नेतं, बोजारा मागतं. आजोबांचा नंदी नातवाच्या हाती आला, याचं कुणाला नवल वाटत नाही. त्याच माळ्यावर, जुन्या वह्या आणि बंद पडलेल्या टॉर्चच्या डब्यात, कधी कधी आणखी एक खेळणं निघतं. तळहातापेक्षा जरा लांब, करड्या नाहीतर पिवळ्या प्लॅस्टिकचं, वर छोटा पडदा, खाली बटणं, मागचं सेलचं झाकण बहुधा हरवलेलं. हा ब्रिक गेम. सण झाला की नंदी परत माळ्यावर जातो. ब्रिक गेम भंगारवाल्याच्या पोत्यात जातो.

हातात धरून खेळायच्या या जुन्या गेमना जगात आता मान आला आहे. अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या स्ट्राँग संग्रहालयाने २००९ मध्ये ‘गेम बॉय’ला खेळण्यांच्या मानाच्या यादीत बसवलं. जपानच्या निंटेंडो कंपनीने २ ऑक्टोबर २०२४ रोजी क्योतोजवळच्या उजी इथे स्वतःचं संग्रहालय उघडलं. परदेशातले संग्राहक अशा वस्तूंसाठी मोठ्या रकमा मोजतात आणि त्याचे व्हिडिओ पुसद-वणीतली मुलंही मोबाइलवर बघतात. साहजिकच प्रश्न उभा राहतो की हे जुने गेम जमवावेत का? यवतमाळसारख्या जिल्ह्यात कुणी जमवायला बसलंच, तर त्याने नेमकं काय जमवावं? याचं उत्तर देण्याआधी हे खेळणं इथवर आलं कसं ते पाहायला हवं.

हातातल्या इलेक्ट्रॉनिक गेमचा जन्म कॅल्क्युलेटरच्या घरात झाला. अमेरिकेच्या मॅटेल कंपनीने १९७० च्या दशकाच्या मध्यावर ‘ऑटो रेस’ नावाचा गेम काढला. त्यात मोटारी म्हणजे लाल दिव्यांच्या बारीक रेघा होत्या आणि आतली चिप कॅल्क्युलेटरच्या जातीची होती. त्याच सुमारास जपानमध्ये शार्प आणि कॅसिओ यांच्यात कॅल्क्युलेटरच्या किमतींवरून जबर चढाओढ लागली. भाव कोसळले, लिक्विड क्रिस्टलचे पडदे आणि बारीक चिपा स्वस्त झाल्या. निंटेंडोतले अभियंता गुनपेई योकोई यांनी पुढे सांगितलेली आठवण प्रसिद्ध आहे. बुलेट ट्रेनमध्ये कंटाळलेला एक नोकरदार माणूस वेळ घालवायला कॅल्क्युलेटरची बटणं दाबत बसलेला त्यांना दिसला. त्यातून ‘गेम अँड वॉच’ची कल्पना निघाली. एका यंत्रात एकच खेळ, आणि खेळत नसाल तेव्हा ते घड्याळ. २८ एप्रिल १९८० रोजी ‘बॉल’ हा त्यातला पहिला गेम बाजारात आला. १९९१ पर्यंत या मालिकेतले साठच्या घरात प्रकार निघाले आणि जगभर ४ कोटी ३४ लाख नग खपले.

योकोईंचं सूत्र सरळ होतं. सर्वांत नवं, महागडं तंत्र घेऊ नका. जुनं झालेलं, स्वस्त झालेलं, खात्रीचं तंत्र घ्या आणि त्याला नवं काम द्या. याच सूत्रावर निंटेंडोने १९८९ च्या एप्रिलमध्ये आणलेल्या गेम बॉयचा पडदा रंगीत नव्हता. हिरवट पार्श्वभूमीवर फक्त चार छटा दिसायच्या आणि पडद्यामागे दिवाही नव्हता. दीड वर्षात सेगा कंपनीचा ‘गेम गिअर’ आला. त्याचा पडदा रंगीत आणि उजळ होता, पण तो सहा सेल तीन ते पाच तासांत संपवायचा. गेम बॉय चार सेलांवर त्याच्या कितीतरी पट चालायचा. बाजाराने निकाल दिला. गेम बॉय आणि त्याची रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटी ८७ लाखांच्या आसपास नग विकले गेले. सेलवर चालणाऱ्या खेळण्यात सेल किती टिकतो यावर बरंच काही ठरतं, आणि यवतमाळच्या गोष्टीतही तेच कामाला येणार होतं.

आणखी एक धागा मॉस्कोचा. तिथल्या विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सेई पाजितनोव यांनी १९८४ मध्ये ‘टेट्रिस’ रचला. चार-चार चौकोनांचे सात आकार वरून पडतात, ते बसवायचे आणि आडवी ओळ भरली की ती नाहीशी होते. हक्क सोव्हिएत सरकारचे होते, त्यामुळे पाजितनोव यांना आपल्याच खेळाची मिळकत १९९६ पर्यंत मिळाली नाही. अमेरिकेत गेम बॉय विकला गेला तो टेट्रिससोबतच. त्या यशाच्या मागोमाग चीनमधल्या लहान-मोठ्या कारखान्यांनी टेट्रिसचा आराखडा उचलला, एका स्वस्त चिपवर बसवला आणि कुणाचा परवाना न घेता जगभर पाठवला. हाच ब्रिक गेम. जपानी विचार, रशियन खेळ आणि चिनी प्लॅस्टिक अशी त्याची घडण आहे.

गेम बॉय निघाला तेव्हा भारताची दारं बंद होती. चैनीच्या आणि ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवर कडक बंधनं होती. असे गेम यायचे ते आखातातून सुट्टीवर आलेल्या नातलगाच्या बॅगेतून, नाहीतर मुंबईच्या मुसाफिरखान्यासारख्या बाजारांतून. १९९१ च्या उदारीकरणानेही ग्राहकोपयोगी मालाच्या आयातीला लगेच मोकळीक दिली नाही. जागतिक व्यापार संघटनेत अमेरिकेने तक्रार केली, निकाल भारताच्या विरोधात गेला, आणि १ एप्रिल २००० व १ एप्रिल २००१ अशा दोन टप्प्यांत उरलेल्या सुमारे १,४०० प्रकारच्या वस्तूंवरचे संख्यात्मक निर्बंध उठले. नव्वदीच्या उत्तरार्धात आडवाटेने येणारा माल आता राजमार्गाने येऊ लागला. ब्रिक गेमचा गावोगावचा सुकाळ याच काळातला.

यवतमाळला तेव्हा मोठी रेल्वे नव्हतीच. मूर्तिजापूरला जाणारी नॅरोगेज ‘शकुंतला’ तेवढी होती, आणि तिचं वाफेचं इंजिनसुद्धा थेट १९९४ पर्यंत चाललं. बाजाराचा माल सडकेने यायचा. यवतमाळच्या दुकानदारीची नजर सुमारे १५० किलोमीटरवरच्या नागपूरकडे, तिथल्या इतवारीच्या ठोक बाजाराकडे. पुसद-उमरखेडचा ओढा नांदेडकडे, वणीचा चंद्रपूर-नागपूरकडे. या वाटांनी येणारी खेळणी बसस्थानकाबाहेरच्या हातगाड्यांवर, आठवडी बाजारात आणि जत्रेत अंथरलेल्या ताडपत्रीवर विकली जायची.

हा कापसाचा जिल्हा, त्यामुळे इथे खेळण्यांचा हंगामही कापसाने ठरतो. नवरात्रात यवतमाळचा दुर्गोत्सव, मग दिवाळी, त्याच सुमारास पहिला वेचा, आणि नंतर कापूस विकल्याचा चुकारा. सरकारी एकाधिकार खरेदीच्या काळात हा चुकारा वेळेवर हाती पडेल याचा भरवसा नसायचा. ज्या घरात वर्षाचा हिशेब अशा पैशावर चालतो, तिथे हजारोंचं परदेशी यंत्र येण्याचा प्रश्नच नव्हता. शंभर रुपयांच्या आसपास मिळणारा ब्रिक गेम मात्र येऊ शकत होता. चुकारा झाल्यावर, शाळेत पास झाल्यावर, वणीच्या रंगनाथस्वामींच्या जत्रेत हट्ट पुरवताना. इलेक्ट्रॉनिक वस्तू म्हणून रेडिओ, घड्याळ आणि कॅल्क्युलेटर एवढंच माहीत असलेल्या अनेक घरांत मुलाच्या मालकीची ही पहिली चिप.

त्याला साथ दिली ती भारनियमनाने. २००५ ते २०१० या काळात महाराष्ट्रात विजेचा तुटवडा चार हजार मेगावॅटच्या पुढे गेला होता आणि त्याची सर्वांत जास्त झळ ग्रामीण भागाने सोसली. टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम वीज नसेल तर मुका, आणि वीज आली की टीव्हीवर घरातल्या मोठ्यांचा हक्क. ब्रिक गेमला ना टीव्ही लागायचा, ना लाइन. दोन-तीन पेन्सिल सेल घातले की तो बरेच दिवस चालायचा. सेल मंदावले की पडदा फिका पडायचा. मग पोरं सेल काढून उन्हात ठेवायची, दातांनी चावायची, जागा बदलून पुन्हा घालायची. पडद्यामागे दिवा नसल्यामुळे रात्री कंदिलाजवळ सरकावं लागे. योकोईंनी सेल वाचवायला केलेली निवड जपानपासून हजारो किलोमीटरवर, अंधारात बसलेल्या वस्त्यांमध्ये अशी कामाला आली.

ब्रिक गेम जवळून पाहण्यासारखा आहे. पडद्यावर आडवे १० आणि उभे २० असे २०० चौकोन असतात. चित्र असं काही नसतंच. मोटार, रणगाडा, साप, बेडूक, विटा, सगळं या चौकोनांतून घडवायचं. मोटार म्हणजे सात चौकोन, पण शर्यत सुरू झाली की डोळ्यांना खरी मोटार दिसते. उजवीकडच्या पट्टीत गुण, वेग, पातळी आणि पुढचा आकार. डाव्या अंगठ्याखाली दिशेची बटणं, उजव्याखाली आकार फिरवायचं मोठं बटण, मध्ये बारीक रबरी बटणांची रांग. डब्यावर ‘९९९९ इन १’ असं मोठ्या आकड्यात छापलेलं असायचं. प्रत्यक्षात खेळ एक-दोन डझन. बाकी सगळे त्यांचेच वेगवेगळ्या वेगाचे आणि पातळ्यांचे प्रकार. सुरुवातीचं संगीत आणि ओळ फुटल्याचा आवाज, दोन्ही एकाच बारक्या भोंग्यातून.

मागचे स्क्रू काढले की आत हिरवी-तपकिरी पट्टी दिसते आणि तिच्या मधोमध काळ्या राळेचा एक थेंब. चिप त्या थेंबाखाली आहे. ती कुणी बनवली, कोणत्या वर्षी, काहीच वाचता येत नाही. पाठीवर ‘मेड इन चायना’ एवढीच ओळख. निंटेंडोच्या यंत्रावर नाव, क्रमांक, साल असतं. कोट्यवधींच्या हातांत गेलेल्या या खेळण्याला निर्माता नाही, तारीख नाही. त्याच्याजवळ एकच वैयक्तिक नोंद असायची, ती म्हणजे सर्वांत जास्त गुणांचा आकडा. सेल काढले की तोही पुसला जायचा. भावंडांमध्ये कोण पुढे होतं, गल्लीत कुणाचा आकडा मोठा होता, हे त्या यंत्रात कुठेच उरलेलं नाही.

या खेळण्याचा शेवटही विजेच्या आणि सेलच्या वाटेनेच आला. १९९७ मध्ये नोकियाच्या फोनवर ‘स्नेक’ हा सापाचा खेळ आला होता. २००३ मध्ये आलेल्या नोकिया ११०० मध्ये त्याची पुढची आवृत्ती होती आणि डोक्यावर टॉर्च होता. भारनियमनाच्या गावात हा फोन घराघरांत गेला. जगभर त्याचे २५ कोटी नग खपले. बोलणं, उजेड आणि खेळ एका वस्तूत मिळाल्यावर वेगळ्या खेळण्याची गरज उरली नाही. पुढे जानेवारी २००९ मध्ये केंद्राने चिनी खेळण्यांच्या आयातीवर सहा महिन्यांची बंदी घातली. सुरक्षेची मानकं पाळणाऱ्या खेळण्यांसाठी ती काही आठवड्यांतच सैल झाली. ब्रिक गेमचा बाजार तोवर ओसरू लागलाच होता.

आता जमवण्याचा प्रश्न. पैसा हा हेतू असेल तर यवतमाळच्या माळ्यावरचा ब्रिक गेम जमवू नये. त्याच घाटाचे नवे गेम आजही तयार होतात आणि ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतात, त्यामुळे टंचाईवर चढणारा भाव त्याला येणार नाही. पेटीसकट असलेला जपानी ‘गेम अँड वॉच’ किंवा गेम बॉय विकत घेऊन गुंतवणूक करणं ही वेगळी गोष्ट. पण तिथेही जोखीम मोठी आहे. जुलै २०२१ मध्ये ‘सुपर मारिओ ६४’ची न उघडलेली एक कॅसेट लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला गेली आणि सगळ्या जगाचं लक्ष या बाजाराकडे वळलं. अशा एका आकड्यावर विसंबून कापसाचा पैसा किंवा नोकरीची बचत त्यात घालणं शहाणपणाचं नाही. नकली कॅसेटा, बदललेले पडदे, नव्याने छापलेल्या पेट्या यांची पारख व्हायला वर्षं जातात.

इतिहास हा हेतू असेल तर मात्र उत्तर ठाम ‘हो’ असं आहे. जमवायचा तो हाच निनावी, स्वस्त, आपल्या घरात खरोखर वापरलेला ब्रिक गेम. जपानी यंत्रं जपायला जपान समर्थ आहे. यवतमाळच्या मुलाने भारनियमनात काय खेळलं, हे यवतमाळनेच जपलं तर उरेल.

खेळ जपला गेला की काय होतं आणि सुटला की काय होतं, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. निंटेंडो कंपनी १८८९ मध्ये क्योतोत सुरू झाली ती ‘हानाफुदा’ हे हातांनी बनवलेले पत्ते विकायला. तेव्हा आपल्या सावंतवाडीतही हातांनी रंगवलेली, लाखेचा लेप दिलेली गोल गंजिफा बनत होती. दशावतारी गंजिफेचा डाव १२० पानांचा. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाची बारा पानं. पत्ते विकणारं क्योतोतलं दुकान शंभर वर्षांत गेम बॉयपर्यंत पोहोचलं. सावंतवाडीत मात्र विसाव्या शतकाच्या मध्याला गंजिफा रंगवणारे जुने हात जवळपास संपले होते. शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी उरल्यासुरल्या जाणत्या कारागिराकडून ती कला शिकून घेतली, राजवाड्यात नव्या मुलांना शिकवली, म्हणून गंजिफा आज दिसते तरी.

दुसरा दाखला पुण्याचा. दिनकर केळकर यांनी आयुष्यभर हिंडून अडकित्ते, दिवे, वज्र्या, दौती, भांडी, दरवाजे असं रोजच्या वापरातलं सामान गोळा केलं. यात राजेरजवाड्यांच्या वस्तूंपेक्षा सामान्य घरातलं सामान जास्त होतं, आणि ते गोळा होत असताना ज्यांच्या घरचं होतं त्यांना ते अडगळच वाटत होतं. वीस हजारांवर वस्तूंचा हा संग्रह त्यांनी १९७५ मध्ये सरकारला अर्पण केला. मराठी माणूस कसा जगला हे आज अभ्यासकांना ग्रंथांइतकंच त्या अडकित्त्यांतून कळतं. यवतमाळलाही ही परंपरा परकी नाही. य. खु. देशपांडे यांनी इथे शारदाश्रमात जुन्या पोथ्या आणि कागद मिळवून जपले. महानुभाव वाङ्मयाच्या अभ्यासाला त्याचा मोठा आधार झाला.

कायदा या कामात मदतीला येणार नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार वस्तू शंभर वर्षांची झाल्यावर पुरावस्तू ठरते, हस्तलिखित पंचाहत्तर वर्षांनी. २००२ चा ब्रिक गेम त्या हिशेबाने २१०२ मध्ये पात्र होईल. दुसरीकडे, १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांच्या यादीत हातातले व्हिडिओ गेम नावानिशी आहेत, आणि ते योग्यच आहे. खराब झालेलं यंत्र उकिरड्यावर जाण्यापेक्षा रीतसर मोडीत जावं. पण सगळेच मोडीत गेले तर दाखवायलाही एक उरणार नाही.

जपणं अवघड नाही, काही गोष्टी मात्र कटाक्षाने पाळाव्या लागतात. पहिलं काम सेल काढण्याचं. विसरलेला सेल फुटतो, स्प्रिंगवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड धरते आणि ती तारेतून आत शिरते. साध्या झिंक-कार्बन सेलची गळती सोड्याच्या पाण्यात किंचित भिजवलेल्या कापसाने पुसावी. अल्कलाइन सेलची असेल तर व्हिनेगरने. मग कोरडं करावं. पडद्याच्या काही रेघा दिसत नसतील तर पडदा बिघडलाच असं समजू नये. पडदा आणि पट्टी यांच्यामध्ये रबराची बारीक पट्टी असते, ती स्पिरिटने पुसून नीट दाबून बसवली की रेघा अनेकदा परत येतात. यवतमाळचा उन्हाळा ४५ अंशांपर्यंत जातो. टिनाच्या छपराखालच्या माळ्यावर पडद्यावरची फिल्म करपते, म्हणून गेम खालच्या खोलीत, कपाटाच्या तळकप्प्यात ठेवावा. डांबराच्या गोळ्या मात्र सोबत ठेवू नयेत; त्यांच्या वाफेने काही प्लॅस्टिक मऊ पडतं.

यंत्राइतकीच महत्त्वाची त्याची चिठ्ठी. चिपवर काही लिहिलेलं नसल्यामुळे या खेळण्याचा इतिहास त्याच्या मालकालाच ठाऊक आहे, आणि तो मालक आज तिशी-चाळिशीत आहे. गेम कुठल्या बाजारात घेतला, साधारण कोणत्या साली, किती रुपयांना, कुणी घेऊन दिला, घरात कोण कोण खेळायचं, लाइन गेल्यावर कुठे बसून खेळायचे, एवढं एका कागदावर लिहून गेमसोबत पिशवीत ठेवावं. दारव्हा, दिग्रस, घाटंजी, राळेगाव, झरी-जामणी, कुठल्याही तालुक्यातल्या एखाद्या शाळेने पालकांकडून असे दहा-वीस गेम चिठ्ठ्यांसकट मागवले आणि एका काचेच्या कपाटात मांडले, तर जिल्ह्यातल्या घरांत पहिली चिप कशी आली याचा पुरावा तयार होईल. हे काम या पिढीने केलं नाही तर पुढच्या पिढीला करता येणार नाही. तेव्हा या दिवाळीच्या साफसफाईत ब्रिक गेम हाती लागला, तर भंगाराच्या पोत्यात टाकण्याआधी त्याचे सेल काढा आणि त्याची चिठ्ठी लिहा.